चार गुंठे व्हिओनिए: देऊळगाव राजा ते लोणार

बुलडाणा जिल्ह्याचे देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे तालुके जालन्याला खेटून आहेत. जालन्याच्या कडवंचीचं द्राक्षाचं वारं इकडेही लागलंय. कपाशी, तूर, सोयाबीनच्या मधेच एखादा मांडव दिसतो. त्यात बहुतेक खाण्याची द्राक्षं असतात, वाईनची बाग शोधावी लागते. आणि त्यात व्हिओनिए म्हणजे तर दुर्मीळच.

ऱ्होन नदीकाठचं हे पांढरं फ्रेंच द्राक्ष. १९६०च्या दशकात काँद्रियू गावाच्या आसपास त्याची मोजकीच हेक्टर शिल्लक होती. पुढे ते ऑस्ट्रेलिया, कॅलिफोर्निया करत आपल्याकडेही आलं, पण शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यो ब्लाँच्या मानाने अगदी थोडं. काँद्रियूशेजारच्या कोत-रोती भागात त्याचा एक वेगळा उपयोग आहे: लाल वाईनमध्ये मिसळण. नियमाने २० टक्क्यांपर्यंत चालतं, प्रत्यक्षात बहुतेक जण त्याच्या पुष्कळ खाली राहतात. तयार वाईन वाईनमध्ये ओतायची नसते, पांढरी आणि काळी द्राक्षं एकाच टाकीत एकत्र आंबवायची असतात. म्हणजे दोन्ही वाण एकाच दिवशी पिकायला हवेत. हा प्रवास त्या एका दिवसासाठी होता.

पहिला दिवस, १४ फेब्रुवारी: खडकपूर्णेच्या अंगाला

जालन्याहून देऊळगाव राजा जवळच. दुपारी बालाजीचं दर्शन घेऊन देऊळगाव महीच्या बाजूला निघालो. खडकपूर्णा धरणात पाणी बरं होतं, हरभरा घाट्यांनी भरलेला, हुरडा संपत आलेला.

बागवाले काका सत्तरीचे, गळ्यात तुळशीची माळ. एक एकर शिराज, म्हणजे लाल वाईनचं काळं द्राक्ष, आणि त्याला लागून चार गुंठे व्हिओनिए. वाईन त्यांनी कधी तोंडाला लावली नाही. "आपुन माळकरी. पिवाचं नाही, पण पिकवाचं त चांगलंच पिकवाचं," एवढं सांगून ते सरळ ओळीत शिरले.

चार गुंठेच का, याचा हिशेब सोपा आहे आणि लावण्याआधी प्रत्येकाने करावा. आठ बाय चार फुटांवर एकरी १,३६१ वेली बसतात. एकरभर शिराजपासून पाच टनांच्या आसपास माल धरला आणि मिसळण चार टक्के ठेवली, तर व्हिओनिए लागतं जेमतेम २०० किलो. वेलीला दोन किलो धरले तर शंभर वेली, तूटफूट धरून १३०. त्याला जागा लागते चार गुंठ्यांपेक्षाही किंचित कमी. व्हिओनिए मुळातच कमी देणारं आहे. घड लहान, मणी बारीक आणि एकमेकांना चिकटलेले. एकरभर लावून नुसती व्हिओनिएची वाईन करायचा बेत इथल्या उन्हात महागात पडतो, कारण या द्राक्षात आम्ल आधीच कमी आणि उष्णतेत ते आणखी झपाट्याने उतरतं. मिसळणीत ती उणीव शिराज झाकून घेतं.

काकांची खरी करामत छाटणीत दिसली. गेल्या वर्षी दोन्ही वाणांची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) ५ ऑक्टोबरला एकदमच झाली होती. व्हिओनिए १२६ दिवसांत, म्हणजे ८ फेब्रुवारीला तयार झालं आणि शिराजला १४० दिवस लागले, २२ फेब्रुवारी उजाडली. चौदा दिवसांचं अंतर. पांढरा माल इतके दिवस वेलीवर थांबत नाही, शीतगृहातही नाही. शेवटी वायनरीने दोन्ही वेगळं आंबवून नंतर मिसळलं. यंदा काकांनी शिराज २८ सप्टेंबरला छाटलं आणि व्हिओनिए १२ ऑक्टोबरला. दोन्ही वाणांचे दिवस मोजले तर तारीख येते एकच, १५ फेब्रुवारी.

ऱ्होनच्या शेतकऱ्याला हे जमत नाही. तिथे वेल थंडीत झोपते आणि वसंतात आपल्या वेळेने जागी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, ती कधी फुटणार हे छाटणीची कात्री ठरवते. दोन वाण एकत्र आंबवायचे असतील तर याच्याइतकं मोठं हत्यार आपल्या हातात दुसरं नाही.

याची किंमतही आहे. सप्टेंबरअखेर छाटलेल्या बागेला परतीचा पाऊस फुलोऱ्याआधीच गाठू शकतो, म्हणजे डाऊनी (केवडा रोग) आणि गळकूज (कोवळे घड कुजून गळणं). उलट व्हिओनिएची छाटणी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ढकलली तर मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागल्यावर, फेब्रुवारीअखेरचं ऊन लागतं आणि वास उडून जातो. म्हणून चौदा दिवसांचं अंतर दोन्हीकडे वाटून घ्यावं: काळं द्राक्ष आठवडाभर अलीकडे, पांढरं आठवडाभर पलीकडे.

संध्याकाळी पश्चिमेला ढग चढले. या भागातला माणूस फेब्रुवारीतला ढग पाहून गप्प होतो. २०१८च्या ११ फेब्रुवारीची गारपीट कोणी विसरलेलं नाही. रात्री काकूंनी ज्वारीची भाकर, पातोडीचा रस्सा आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळणा वाढला. उद्या तोडायचं की दोन दिवस थांबायचं, याचा निर्णय सकाळच्या नमुन्यावर ठेवला. तरी काकांनी फोन करून मजूर आणि रीफर (शीतपेटीची) गाडी सांगून ठेवली.

नमुना घेताना होणारी चूक इथेच सांगतो. रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायचं यंत्र) घेऊन ओळीत शिरलं की हात आपोआप उन्हातल्या पिवळ्याधमक मण्याकडे जातो आणि साखर दीड-दोन ब्रिक्सने (म्हणजे टक्क्यांनी) जास्त दिसते. नमुना शंभर मण्यांचा घ्यावा: ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या खांद्यावरून, मधून आणि शेंड्यावरून, सावलीतल्या घडांसकट. कडेच्या वेली सोडून द्याव्यात. मणी प्लास्टिकच्या पिशवीत चुरडून रस गाळावा, यंत्र आधी शुद्ध पाण्यावर शून्य करावं. आम्लता मोजणारा पीएच मीटर ४ आणि ७ च्या बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणावर) रोज सकाळी जुळवावा. कालचा जुळवलेला आज चालत नाही.

दुसरा दिवस, १५ फेब्रुवारी: पहाटेची तोड

साडेतीन वाजता बागेत अंधार आणि बोचरी थंडी. नमुन्याचे आकडे: व्हिओनिए २२.६ ब्रिक्स, पीएच ३.५२. शिराज २३.८ ब्रिक्स, पीएच ३.६१. कागदावर व्हिओनिए आणखी दोन दिवस थांबू शकलं असतं. पण या वाणात साखर पुरेशी होऊनही वास आलेला नसतो. तो फार उशिरा येतो आणि आला की आम्ल लगेच घसरायला लागतं. पकडायची खिडकी तीन-चार दिवसांची. म्हणून शेवटचा निकाल जिभेचा.

काकांची पद्धत अशी: मणी तोंडात फोडायचा, रस गिळून टाकायचा आणि साल चघळत राहायची. आधी गोडी जाते, मग तुरटपणा येतो, आणि त्यानंतर वास वर आला तर माल तयार. नुसताच हिरवट कडवटपणा राहिला तर थांबायचं. बी तपकिरी आणि दाताखाली कुडकुडीत हवी, हिरवी आणि चिवट नको. पुस्तकात या वासाला जर्दाळू आणि पीच म्हणतात. तोडायला आलेल्या एका मावशींचं माहेर वरूडकडचं. त्यांनी साल चघळली आणि म्हणाल्या, "हे त संत्र्याच्या फुलावानी लागते." याहून अचूक वर्णन सापडणार नाही. संत्र्याच्या फुलात असणारं लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य व्हिओनिएच्या सालीतही असतं. आणि वरूड-मोर्शीकडे याच दिवसांत आंबिया बहर फुललेला असतो.

ठरलं, आजच तोडायचं.

पहिल्या ओळी व्हिओनिएच्या, डोक्याला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात. घडाला हात न लावता देठ धरून कात्री मारायची. हे वाण घट्ट घडाचं असल्यामुळे आतला मणी बाहेरच्यांच्या दाबाने फुटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून मावशी प्रत्येक घड नाकाशी नेत होत्या. आंबूस वास आला की घड उलटा करून बोटाने फट पाडायची, फुटके मणी काढून टाकायचे. आत बारीक माश्या दिसल्या तर अख्खा घड बादलीत. एका क्रेटमध्ये असे दोन घड गेले तरी पुढे व्हिनेगरचा वास धरतो.

क्रेट वीस किलोची असली तरी चौदा-पंधरा किलोंवर भरू नये. खालचे मणी दबून रस सुटतो, रस हवेत तपकिरी पडतो आणि सालीतला कडवटपणा त्यात उतरतो. पंधरा किलोंच्या क्रेटला दीड ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट थोड्या पाण्यात विरघळवून वरून शिंपडावं. किलोला साधारण ५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड मिळतो. अंदाजाने चिमूट टाकू नये. लहान वजनकाटा पाचशे-सातशे रुपयांत मिळतो, पण चुकलेला डोस टाकीभर माल बिघडवतो.

पहाटे साडेपाचला मण्याचं तापमान १३ अंश भरलं. सव्वानऊला शिराजच्या शेवटच्या ओळीत २४. दहानंतर तोडलेला माल गाडीत थंड व्हायला अर्धा दिवस घेतो, म्हणून चोवीस जणी लावून नऊ-साडेनऊपर्यंत आवरलं. व्हिओनिए २५५ किलो, शिराज ४,८०० किलो.

भुरीबद्दल, म्हणजे पिठासारख्या पांढऱ्या बुरशीबद्दल, थोडं सविस्तर, कारण व्हिओनिएवर ती लवकर बसते. घडाच्या आतली भुरी बाहेरून फवारून जात नाही. मणी एकमेकांना टेकण्याआधीच फवारणी घडाच्या गाभ्यात पोचली पाहिजे. पानं विरळ करायची ती पूर्वेकडची. दक्षिणोत्तर ओळीत सकाळचं कोवळं ऊन आत गेलं की भुरीला जागा राहत नाही. पश्चिमेची पानं मात्र ठेवावीत. तिथे पानं काढलेल्या तीन वेली पाहिल्या, मणी एका अंगाने तांबूस भाजलेले, साल कडू. आणि गंधक तोडीच्या किमान सव्वा महिना आधी थांबवावं. मण्यावर राहिलेल्या गंधकापासून यीस्ट हायड्रोजन सल्फाइड तयार करतं, म्हणजे टाकीला सडक्या अंड्याचा वास. खाण्याच्या द्राक्षाच्या सवयीने मणी फुगवणाऱ्या जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात घड बुडवणारेही भेटतात. वाईनच्या द्राक्षाला मोठा मणी नकोच, रसाच्या मानाने साल जास्त हवी.

गाडी भरून झाल्यावर पाच किलो व्हिओनिए बाजूला काढून मलमलच्या कापडात हाताने पिळून पाहिलं. पहिला सव्वादोन लिटर रस हलका हिरवट, गोड, सुगंधी. पुढचा अर्धा लिटर जोर लावून काढला, त्याला पेरूच्या सालीसारखा तुरटपणा. प्रेसवर हेच होतं. रस चाखत राहायचं आणि चव बदलली की पुढचा रस वेगळ्या भांड्यात. हा वाण साध्या पिळण्यालाही कडवटपणा सोडतो, इथे लोभ करू नये.

वायनरीला दिलेली सूचना क्रेटवर खडूने लिहिली: २०० किलो व्हिओनिए टाकीच्या तळाशी, वर शिराज. हलकी सालं वर तरंगून टोपीत (आंबताना वर जमणाऱ्या सालींच्या थरात) वाळू नयेत, पहिल्या तासापासून शिराजच्या रसात भिजावीत, हा हेतू. राहिलेल्या पन्नास किलोंचा रस वेगळा काढून त्याची सालंही त्याच टाकीत टाकता येतात. रंगाला मदत करणारे पदार्थ सालीतच असतात. ते शिराजच्या रंगद्रव्याशी जोडी जमवतात, त्यामुळे पांढरं द्राक्ष घालूनही लाल वाईन फिकी न होता रंग अधिक गडद आणि टिकाऊ होतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. आठ-दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की मात्र वासच वास उरतो, शिराजचा मिरीसारखा वास झाकला जातो.

साडेदहाला गाडी समृद्धीकडे निघाली. अकराला चार थेंब पडले, वारा सुटला, ढग पूर्वेकडे सरकले. गार पडली नाही. काका मांडवाखाली उभे राहून आभाळाकडे बघत होते, मग म्हणाले, "चला, भाकर खाऊ."

तिसरा दिवस, १६ फेब्रुवारी: सिंदखेड राजा

सकाळी लखुजी जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. लवकर जावं, शाळांच्या सहली दहानंतर येतात. मोती तलावाची दगडी बांधणी पाहिल्याशिवाय निघू नये.

पुढची बाग काकांच्या पुतण्याची, दोनशे वेलींची, आणि पिवळी. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळाफट्ट, म्हणजे लोहाची कमतरता. कारण जमिनीत. तीन फूट खड्डा खणला तर दीड फुटाखाली पांढरी चुनखडी. ढेकळावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले आणि फस्सकन फेस आला. जमिनीत लोह आहे, पण चुन्यामुळे मुळांना उचलता येत नाही. फेरस सल्फेट जमिनीत टाकून उपयोग नसतो, ते तिथेच अडकतं. ठिबकमधून ईडीडीएचए चिलेट (चुन्यातही मुळांना उचलता येणारं लोह), आणि तातडीला सायट्रिक आम्लासह फवारणी. पण हे दरवर्षीचं दुखणं. लावण्याआधी पाच ठिकाणी खड्डे घेऊन हा थेंबाचा प्रयोग करावा. फेस उसळला तर जागा बदलावी, किंवा चुना सोसणारा खुंट (ज्यावर कलम बांधतात ती मुळांची वेल) घ्यावा. ११०-आर बऱ्यापैकी तग धरतो.

दुसरी अडचण जास्त खटकली. दोनशेपैकी एकतीस वेली व्हिओनिए नव्हत्याच. मणी मोठे, घड सुटे, चघळलेल्या सालीला कसलाच वास नाही. रोपवाटिकेतून आलेली कलमं मिसळलेली होती आणि ते कळायला तीन वर्षं गेली. दुर्मीळ वाणात हा धोका नेहमीचा, कारण ओळखणारे डोळे कमी. पुतण्याबरोबर फिरून त्या एकतीस वेलींच्या खोडाला निळा रंग लावला, आणि सर्वांत चांगल्या वासाच्या बारा वेलींना लाल. आता काड्या घ्यायच्या त्या लालमधूनच.

दुपारी त्याच्या ओसरीवर गेल्या वर्षीची मिसळण तपासली. शिराज आणि व्हिओनिए वेगळ्या आंबवलेल्या, बाटल्या वायनरीकडून आणलेल्या. शंभर मिलिलिटरच्या नळकांड्यात शिराजला २, ४ आणि ८ टक्के व्हिओनिए. चाखून थुंकायचं, मधे भाकरीचा कोरडा तुकडा. दोन टक्क्यांना फरक जाणवत नाही, चारला नाकाशी उचल येते, आठला जर्दाळू पुढे आणि रंग स्पष्ट फिका. नंतर मिसळलं की वास मिळतो, रंग मिळत नाही. काकांनी यंदा छाटणीच्या तारखा का हलवल्या, ते त्या तिसऱ्या ग्लासात डोळ्यांना दिसत होतं.

चौथा दिवस, १७ फेब्रुवारी: लोणार आणि परतीचा रस्ता

लोणारला सूर्योदयानंतर लगेच काठावर पोचलो. उल्केने बेसाल्टात पाडलेलं हे विवर, पाणी खारं आणि अल्कधर्मी. विवरात उतरायचं तर चांगले बूट आणि पाणी सोबत हवं, उन्हं चढली की परतीची चढण दमवते. गावातलं दैत्यसूदन मंदिर सोडू नये. ऱ्होनकाठचं व्हिओनिए ग्रॅनाइटवर वाढलेलं. इथे ते बेसाल्टच्या काळ्या मातीत उभं आहे, आणि या मातीत पाणी साचून राहतं. म्हणून पाणी उतरल्यावर ठिबक कमी करत आणायचं, एकदम तोडायचं नाही. एकदम तोडून पुन्हा सोडलं की घट्ट घडातले मणी फुटतात.

मेहकरला शारंगधर बालाजीचं दर्शन, चहा, आलूपोहा, आणि समृद्धीवरून नागपूरकडे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: हा रस्ता वर्धा जिल्ह्यातून जातो आणि वर्ध्यात दारूबंदी आहे. वाईनच्या उरलेल्या बाटल्या सिंदखेड राजालाच ठेवून आलो, सोबत फक्त रसाचे नमुने. तेही जपून न्यावे लागतात. ताजा रस गाडीत तापला की स्वतःहून आंबायला लागतो आणि घट्ट झाकणाची बाटली फुटते. प्लास्टिकची बाटली दोन-तृतीयांश भरावी, रात्रभर गोठवावी, बर्फाच्या पेटीत ठेवावी.

कारंजाच्या पुढे वायनरीतून फोन आला. २०० किलो तळाशी, वर शिराज, टाकी १२ अंशांवर, यीस्ट उद्या. थोड्या वेळाने काकांचा. एप्रिलच्या खरड छाटणीआधी (नव्या काड्या तयार करण्यासाठीची छाटणी) पुतण्याच्या निळ्या वेली बुडापासून कापायच्या, फुटवे राखायचे आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर लाल खुणेच्या काड्यांचं पाचर कलम. बारा वेलींमधून किती काड्या निघतील, एवढंच त्यांना विचारायचं होतं. वेलीला पाच जाड, पिकलेल्या काड्या, काडीला दोन डोळ्यांचे तीन तुकडे, म्हणजे १८० तुकडे. एकतीस खुंटांवर प्रत्येकी दोन कलमं केली तरी बासष्ट लागतील. उरलेल्या तुकड्यांतून काकांना आपल्या ओळीतल्या सात खाडे पडलेल्या जागा भरायच्या आहेत.